चिखलाचं लुगडं

तलावाचा वास बदलला की मी समजतो, आता आठ-दहा दिवसांत गाव चिखलात उतरणार. वैशाखात पाणी मागं सरत सरत मधल्या खोलगटात जाऊन बसतं, कडेचा गाळ उघडा पडतो, दुपारी त्याला तडे जातात आणि त्या तड्यांतून एक वास सुटतो. कमळाच्या कुजल्या देठांचा, शिंपल्यांचा, म्हशींच्या अंगाचा, मासोळीचा. शहरातला माणूस नाकाला रुमाल लावेल. मला त्या वासानं भूक लागते. सत्तरीपार गेलेलं नाक आहे हे, त्याला आता कोणी नवं शिकवू नये.

यंदाही वास आला. सकाळी पाळीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर, जाऊन बसलो. बगळे गाळात एकेक पाय उचलून उभे होते, लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट पाहणाऱ्या माणसांसारखे. सगळं नेहमीसारखंच होतं. पण माझं डोकं तापलं. या वासानं आजवर कधी डोकं तापलं नव्हतं. आता तापतं. एका फोटोपायी.

आमचं गाव साकोलीहून एकोडीकडे जाताना आतल्या अंगाला आहे. तलाव गावापेक्षा जुना. त्याची मासोळी आम्हा ढिवरांच्या संस्थेची. वैशाखात संस्था मोठी जाळी ओढून मोठा माल काढून घेते. मग मधे गुडघाभर पाणी आणि मांडीभर चिखल उरतो. त्या दिवशी संस्थेचा एखादा म्हातारा पाळीवर उभा राहून ओरडतो, "सुटला गा तलाव!" आणि सगळं गाव चिखलात उतरतं. सगळं म्हणजे सगळं. पिठाच्या गिरणीवाला, पोस्टमन, बौद्धपुऱ्यातले पेन्शनीतले गुरुजी, सरपंचाची बायको, सासरहून मुद्दाम आलेल्या लेकी. हातानं, टोपलीनं, फाटक्या मच्छरदाणीनं जो तो चिखल चाचपतो. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं. कोणाला गरज आहे म्हणून नव्हे. बाजारातून दोन किलो मासोळी आणू शकणारा माणूसही त्या दिवशी दोन झिंग्यांसाठी नाकापर्यंत चिखलात बुडतो, आणि वर्षभर सांगत फिरतो.

आता या दिवशी कोणी चांगलं नेसून उतरतं का? या गाळाचा डाग निघत नाही, काहीही लावा. म्हणून घरोघरी एक गठुडं असतं, आढ्याला बांधलेलं. त्यात चिखलाचे कपडे. फाटून चाळण झालेले, वर्षातून एकदा सोडायचे, धुऊन पुन्हा बांधून ठेवायचे. माझ्या बायकोचं, भागरताचं, चिखलाचं लुगडं मी वीस वर्षं पाहिलं. मुळात ते कोणत्या रंगाचं होतं ते तिलाही आठवत नव्हतं. एकदा मी ते पोतेरं करायला घेतलं तर माझ्या अंगावर धावली. "हात नोका लावू! माह्या तलावाचं होय ते!"

आणि एक रीत आहे. चिखलात काय सापडलं ते खरं सांगायचं नाही. टोपलीत हातभर मरळ वळवळत असली तरी कोणी विचारलं, "काय भेटलं?" की म्हणायचं, "कायी नाही, बाप्पा." खरं सांगितलं तर तलावाला ऐकू जातं आणि पुढच्या साली तो हात आखडता घेतो, असं माझा बाप म्हणायचा. मरळ पळसाच्या पानाखाली झाकायची आणि पानावर चार झिंगे पसरून ठेवायचे, दाखवायला. जो जितक्या जोरात "कायी नाही" म्हणेल त्याची टोपली तितकी जड. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

कळलं नाही ते एका शिकलेल्या माणसाला.

चार वर्षांपूर्वी तो आला, तलाव सुटायच्या दिवशीच. दाढीवाला, हळू बोलणारा, गळ्यात दोन कॅमेरे. वाईट माणूस नव्हता, हे मी रागातही लिहितो. भर उन्हात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गाळात उभा राहिला, जळवांना भ्याला नाही. आम्हाला वाटलं, पेपरवाला असेल, तलावाचं नाव छापून आणेल. सगळ्यांनी त्याला पुढं घेतलं. भागरताला तासाभरातच मरळ सापडली होती, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. टोपलीतलं पान जरासं उचलून तिनं मला दाखवली आणि कानाशी येऊन म्हणाली, "हे त्या पाव्हण्याच्या नावाची. बिचारा घरून लय दूर आला."

मग तो तिच्यासमोर आला. म्हणाला, "आजी, काय मिळालं आज?"

तिनं चिखलाचा हात पुढं केला. तळहातावर चार झिंगे. आणि पाळीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडली, "कायी नाही, बाप्पा!"

त्याच वेळी तिच्या मागं गुरुजी घसरून चिखलात बसले, भदकन. मला आणि कवडूला हात वर करून ओरडायला लागले, "अरे कवड्या, ओढ ना बे मले!" कवडू माझा बाळपणाचा दोस्त. तो उभ्याउभ्याच हसून दुणा झाला, ओढायचं सोडून. भागरतानं मागं वळून पाहिलं आणि तोंड उघडून अशी हसली की डोळे मिटले, गालाचा चिखल तडकला, नाकातून पाणी आलं. तशीच हसत तिनं तोंड पुन्हा पुढं वळवलं तेव्हा त्यानं कॅमेरा दाबला.

दुपारी तो आमच्या ओसरीवर जेवला. तीनदा भात घेतला. मरळीचा रस्सा बोटांनी पुसून खाल्ला. "आजी, असं जेवण आमच्याकडे मिळत नाही हो," म्हणाला. भागरता म्हणाली, "तं मंग पुढच्या खेपेस बायकोले घेऊन ये. तिले शिकवून देतो." त्यानं मासोळीचं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. मरळ. दोनदा विचारून नीट लिहिलं.

भागरता पुढच्या पावसाळ्यात गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी माणूस नाही. अजूनही धान निसवताना बांधावर उभा राहिलो की वाटतं, ती मागून येऊन रागं भरेल, टोपी घालून नाही आलो म्हणून.

मागच्या वर्षी नातीचा फोन आला. प्रणाली नागपुरात दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, "आबाजी, आजीचा फोटो लागला इथं हॉलमंधी! लय मोठा. तुमी या पाहाले." मी काय सांगू. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. धोतर इस्त्री करून घेतलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला सांगितलं, त्याच्या शेजारच्याला सांगितलं, कंडक्टरला सांगितलं. माझ्या बायकोचा फोटो नागपुरात लागला आहे म्हणून. कंडक्टर म्हणाला, "कायी पुरस्कार गिरस्कार?" मी म्हणालो, "असंल."

हॉल थंडगार. फरशी अशी की मी चपला बाहेरच काढल्या. कोणी काढल्या नव्हत्या. भिंतीवर ओळीनं फोटो, सगळे काळे-पांढरे. कोणाच्या बरगड्या, कोणाच्या टाचांच्या भेगा, कोणाचं रिकामं ताट. माणसं हळूहळू चालत होती, मयतीच्या घरी चालतात तशी. आणि समोरच्या भिंतीवर भागरता. दाराएवढी.

मला आधी ओळखूच आली नाही. रंग काढून घेतला होता ना. चिखल काळा, लुगडं काळं, लुगड्याच्या भोकांतून पांढरं ऊन. मिटलेले डोळे, उघडं तोंड, नाकाखाली पाणी. हसते आहे की रडते आहे, तिथं ते सांगायला कवडू नव्हता. तो चौकटीच्या बाहेर कापला गेला होता. गुरुजी मात्र होते. मागं चिखलात बसलेले, हात वर केलेला. कोणाकडे केला ते दिसत नाही. दिसतं ते इतकंच की एक हाडकुळा म्हातारा चिखलात बसून आभाळाकडे हात पसरतो आहे. गुरुजींना शुगर आहे हो! डॉक्टरनं भात बंद केला म्हणून ते हाडकुळे. दरमहा पेन्शन घेतात, पोरगा इंजिनेर आहे.

मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षर लावून वाचतो. खाली एक पाटी होती, ती लावली. "काही नाही मिळालं." त्याच्या खाली, "मच्छीमार स्त्री, भंडारा जिल्हा."

नाव नाही.

मासोळीचं नाव विचारलं होतं त्यानं, दोनदा. बायकोचं विचारलं नाही.

आणि तो खोटं बोलला नाही. हीच गोष्ट मला आजवर टोचते. खोटं लिहिलं असतं तर मी पाटी ओढून काढली असती, भांडलो असतो. पण शब्द तिचेच. तिनंच ओरडून सांगितले होते. तिच्या टोपलीत पानाखाली त्याच्याच नावाची मरळ होती, ती त्याच्याच पोटात गेली, आणि पाटी म्हणते, काही नाही मिळालं.

एक बाई शेजारी येऊन उभी राहिली. चांगल्या घरची, केस पांढरे, माझ्याच वयाच्या आसपास. रुमालानं डोळे टिपत होती. म्हणाली, "किती वेदना आहे हो चेहऱ्यावर."

मी म्हणालो, "वेदना नाही बाई. हसून राहिली ते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही... यांचे कोण?"

"माही बायको होय."

तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. अगदी मायेनं. पर्समधून पाण्याची बाटली काढून मला दिली. "बसा बाबा," म्हणाली. मी पुन्हा सांगितलं, गुरुजी घसरले म्हणून हसली, टोपलीत मरळ होती. ती मान हलवत ऐकत राहिली, तापात बरळणाऱ्याचं ऐकतात तसं. मग सोबतिणीकडे गेली आणि म्हणाली, तिला वाटलं मला ऐकू येत नाही, "त्यांना ते मान्य करवत नाहीये गं."

साठ वर्षं मी त्या चिखलात उतरलो. चाळीसच्या वर वर्षं भागरता माझ्या घरात होती. तिच्या हसण्याची ओळख मला नाही, आणि या बाईला एका नजरेत झाली!

मग एक तरुण आला, त्याच्याही हातात कॅमेरा. कोणीतरी त्याला सांगितलं होतं. मोठ्या अदबीनं वाकून म्हणाला, "बाबा, जरा फोटोच्या बाजूला उभे राहता? हां, असे. टोपी राहू द्या. फक्त हसू नका."

मी म्हणालो, "मी हसून नाही रायलो, बाबू. पण हसीन तं तुले इचारून नाही हसणार."

प्रणालीनं माझा हात धरून बाहेर आणलं. पाण्याची बाटली तशीच हातात होती. मी ती पायरीवर ठेवली आणि चपला घातल्या.

राग कशाचा, असं प्रणालीनं बसमध्ये विचारलं. "आबाजी, लोकाइले वाईटच वाटलं ना. वाईट वाटणं काय गुन्हा होय?" शिकली-सवरली पोरगी आहे, बरोबर बोलते. तिचं उत्तर आता पाळीवर बसून देतो.

गरिबी काय मी पाहिली नाही? आमच्या लग्नानंतरची पाच-सहा वर्षं आखाड असा यायचा की कोठीतलं धान संपलेलं, रोवणीची मजुरी अजून सुरू व्हायची, तलाव भरलेला म्हणून मासोळी हाताला लागायची नाही. अंबाडीचा पाला आणि कण्यांची पेज. तीही एका वेळची. भागरता मला आणि पोराला वाढायची आणि म्हणायची, मी आधीच जेवली. मग रिकामी ताटली राखेनं घासून दारातल्या दगडावर आपटत धुवायची, शेजारणीला आवाज गेला पाहिजे म्हणून. जेवण झालं इथं, ऐका. मला ठाऊक होतं ताटली कोरडीच होती. तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. दोघांनी एका शब्दानं कधी काढलं नाही.

त्या दिवसांत ती चिखलाचं लुगडं नेसत नव्हती. असलेलं एकच बरं लुगडं धुऊन, पदर नीट घेऊन वावरायची. त्या वेळी कोणी कॅमेरा घेऊन आला असता तर त्याला दिसली असती एक नीटनेटकी बाई, ताटली धुताना. त्यानं फोटो काढला नसता. आणि काढू लागला असता तर मी त्याचा कॅमेरा फोडला असता.

जेव्हा उपाशी होतो तेव्हा आम्ही ते लपवलं, आमच्या हिमतीवर. आणि ज्या दिवशी टोपलीत मरळ होती, पोट भरायची सोय होती, सगळं गाव एकमेकांवर चिखल उडवत होतं, तो दिवस यांनी भूक म्हणून भिंतीला लावला. आमची भूकही आमची नाही ठेवली, आमचं हसूही नाही. त्या बाईचे डोळे खरेच ओले झाले होते, मी नाकारत नाही. पण ते ओले करायला माझी हसरी बायको लागली. घरी गेल्यावर तिनं डोळे पुसले असतील, जेवली असेल, आपण किती हळव्या म्हणून तिला बरंही वाटलं असेल. भागरताला त्यातलं काय पोचलं? नाव तरी?

पण सगळा राग त्या हॉलवरच काढला तर तो माझा खोटेपणा होईल. एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती.

पोराच्या लग्नाला भागरतानं एक हिरवं लुगडं घेतलं होतं, जरीच्या काठाचं. साकोलीच्या बाजारात शिंगाडे विकून परतताना ते नेसून ती एकदा स्टुडिओच्या दारात थांबली. काचेमागं नवराबायकोंचे फोटो लावलेले, खुर्चीवर बसलेले. म्हणाली, "अवो, आपला एक काढू ना."

मी म्हणालो, "कायले? मेल्यावर लटकवाले?"

"हो मंग! तुमच्या डोक्यावरच लटकन मी."

मी हसलोही नाही. पुढं चालू लागलो. माझी मान अशीच, ताठ. ती मागून आली. पुन्हा कधी म्हणाली नाही. ती गेली तेव्हा घरात तिचा फोटो म्हणून एकच होता, आधार कार्डावरचा. त्यात ती कोंबडी चोरताना धरलेल्या बाईसारखी दिसते. तो मोठा करायला माझा जीव झाला नाही. तीन वर्षं भिंत रिकामी राहिली.

म्हणजे तिचा हसरा फोटो काढला तो त्या दाढीवाल्यानं. मी नाही. हे कबूल आहे.

प्रणालीनं त्याचा नंबर मिळवला. त्यानं फोटो लगेच फोनवर पाठवला, रंगाचा, जसा काढला तसा. सोबत लिहिलं, "आजोबांना नमस्कार. आजींनी खूप सोसलं." मी म्हणालो, "लिव्ह त्याले, मरळ इसरला का? आन तिचं नाव भागरता होय, ते पाटीवर लिव्ह म्हणा." त्यानं उत्तर दिलं, नक्की. नाव घातलं की नाही, मला ठाऊक नाही. मी पुन्हा पाहायला गेलो नाही.

परवा मी आणि प्रणाली साकोलीला गेलो, त्याच स्टुडिओत. आता बापाच्या जागी पोरगा बसतो. त्यानं फोटो पाहिला आणि म्हणाला, "काळजी नोका करू बाबा. आजीले दहा मिन्टात साडी नेसवून देतो. कम्प्युटरमंधी पन्नास साड्या हायेत, कोंचीबी बोला."

मी पिशवीतून हिरवं लुगडं काढलं. म्हणालो, "हेच."

तो डोकं खाजवायला लागला. मग प्रणालीच म्हणाली, "मी नेसतो." आत जाऊन नेसून आली, खुर्चीवर बसली, त्यानं तिचा फोटो काढला. खांदे तिच्या आजीचेच आहेत, जरा पुढं आलेले. त्यावर त्यानं भागरताचं तोंड आणून बसवलं. आणि बसवताना मला न विचारता गालाचा चिखल पुसला, नाकाखालचं पाणी पुसलं, कपाळावर टिकली लावली. "पाहा," म्हणाला.

पाहिलं. स्वच्छ बाई, हिरवं लुगडं, उघडं तोंड. हसू होतं, पण ते कशाचं होतं तेच गेलं होतं. दाताच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखी दिसत होती.

मी म्हणालो, "चिखल वापस लाव."

"आं?"

"तोंडाचा चिखल. जसा होता तसा. टिकली काढ."

"बाबा, खाली जरीचा काठ आन वर चिखलाचं तोंड? पाहून लोक हसतीन ना!"

"हसू दे ना गा. त्याच्याचसाठी लावून रायलो."

प्रणाली तोंडाला पदर लावून हसायला लागली. तोच हिरवा पदर.

काल फोटो भिंतीवर चढला. मी रोज जिथं बसतो त्याच्या बरोबर वर, तिनं सांगितलं होतं तिथं. संध्याकाळी कवडू आला. काठी टेकत आत आला, वर पाहिलं, आणि तिथंच उभा राहिला. मला वाटलं, हाही रुमाल काढतो की काय. पण त्याचं पोट हलायला लागलं, मग खांदे. खोकला येईपर्यंत हसला. डोळे पुसून फोटोजवळ गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "काय वो वयनी, नवं लुगडं नेसून उतरल्या काय चिखलात? सांगा, काय भेटलं?"

मी मागून ओरडलो, तिच्याच आवाजात, पाळीपर्यंत जाईल असं.

"कायी नाही, बाप्पा!"